मूल कुठे श्वास घेतं, तिथून सुरुवात करा

नवी मुंबईत, कोपरखैरण्यातल्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे : वर्गात ४६ मुलं आहेत. त्यातली नऊ-दहा हिवाळाभर खोकतात, दोघांच्या दप्तरात दम्याचा पंप असतो, काहींचं लक्ष अजिबात लागत नाही. रात्री कारखान्यांकडून उग्र वास येतो. पालक वर्गणी काढून हवा मोजायची चार यंत्रं घ्यायला निघाले आहेत. हा त्रास प्रदूषणामुळेच होतो हे अभ्यास करून कसं सिद्ध करायचं, आणि तोवर पालकांना काय सांगायचं?

बाई, यंत्रांची घाई करू नका. आधी दोनशे पानी वही घ्या.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दवाखाना सांभाळून गेली वीसेक वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये मुलांच्या आरोग्याच्या पाहण्या करत आलो आहे. आजार मोजणं तसं जमतं. खोकल्याच्या रात्री मोजता येतात, उंची-वजन मोजता येतं, फुप्फुसाची ताकद मोजता येते, रक्तातलं शिसंही मोजता येतं. खरी दमछाक होते ती मुलाच्या अंगाशी नेमकं काय आलं, किती आलं आणि कोणत्या वयात आलं हे शोधताना. आम्ही याला एक्स्पोजर म्हणतो. बहुतेक पाहण्या इथेच कच्च्या राहतात आणि मग पुढे कितीही गणित केलं तरी त्या सावरत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. गरोदरपणातली हवा आणि बाळाचं जन्माच्या वेळचं वजन यांचा संबंध आम्ही बघत होतो. प्रत्येक आईचा पत्ता घ्यायचा आणि सर्वांत जवळच्या हवामापन केंद्राचे नऊ महिन्यांचे आकडे त्या पत्त्याला जोडायचे, अशी पद्धत ठरली होती. फॉर्मांचे गठ्ठे तयार झाले होते. तुर्भ्यात एका खोलीच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसलेल्या आईला मी सहज विचारलं, "सातव्या-आठव्या महिन्यात रात्रीच्या वासाचा त्रास व्हायचा का हो?" हातातली काडी मोडत ती म्हणाली, "तेव्हा मी इथं कुठं होते, डॉक्टर? ओटी भरली आणि आईनं पाटणला नेलं. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर आले." आमच्या कागदावर तिचं बाळ नऊच्या नऊ महिने तुर्भ्याच्या हवेत वाढलं होतं. प्रत्यक्षात बाळाचं वजन सर्वांत झपाट्याने वाढतं ती शेवटची तिमाही कोयनेकाठी गेली होती. त्या संध्याकाळी गठ्ठे पुन्हा सोडले. प्रत्येक घरी परत जाऊन विचारलं : बाळंतपणाला माहेरी गेला होतात का, कितव्या महिन्यात गेलात, कधी परतलात, माहेरी गॅस होता की चूल?

परदेशातून आलेल्या प्रश्नावलीत हा प्रश्न सापडणार नाही, कारण तिथे ही रीतच नाही. आपल्याकडे तो पहिल्या पानावर हवा. तसाच दुसरा प्रश्न भाड्याच्या खोलीचा. ११ महिन्यांचा करार संपला की कुटुंब उठतं, घणसोलीतून दिघ्याला, दिघ्यातून कळव्याला. आठ वर्षांच्या मुलाची पाच-सहा घरं झालेली असतात आणि आधारकार्डावर भलताच पत्ता असतो. मे महिन्यात मूल गावी, दिवसभर आजीकडे, संध्याकाळी शिकवणीला आणि शनिवार-रविवारी बापाच्या रिक्षात. या प्रत्येक ठिकाणची हवा निराळी आहे.

ही चूक किती महाग पडते ते आकड्यात दाखवतो. समजा, चांगल्या हवेतल्या १० टक्के मुलांना त्रास होतो आणि वाईट हवेतल्या २० टक्के मुलांना. नेहमीच्या संख्याशास्त्रीय निकषांवर हा फरक पक्का दाखवायला दोन्ही गटांत प्रत्येकी २०० मुलं लागतात. आता समजा, चुकीच्या पत्त्यांमुळे दोन्ही गटांत पाव मुलं दुसऱ्याच गटातली येऊन बसली. मग कागदावर दिसतात १२.५ आणि १७.५ टक्के, आणि तेवढा फरक पकडायला प्रत्येकी ८०० मुलं लागतात. म्हणजे पत्ता नीट विचारला नाही म्हणून चौपट मुलांना टोचायचं, चौपट आयांचा वेळ घ्यायचा. वर धोका असा, की २०० मुलांवरच थांबलात तर "काही संबंध आढळला नाही" असं लिहावं लागतं आणि तो कागद पुढे दहा वर्षं तुमच्याच विरोधात दाखवला जातो. असं होताना मी पाहिलेलं आहे. म्हणून सांगतो, कच्चा अभ्यास करण्यापेक्षा न केलेला बरा.

तर वही. प्रत्येक मुलाला दोन समोरासमोरची पानं द्या. डाव्या पानावर त्याचं आतापर्यंतचं आयुष्य : आई गरोदर असताना कुठे, जन्म कुठे, मग कोणत्या वर्षी कोणत्या वस्तीत, प्रत्येक घरी स्वयंपाक कशावर, घरात कोणी विडी-सिगारेट ओढायचं का, भिंतींना ओल होती का. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत मेंदूची जडणघडण सर्वांत वेगाने चालते. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्याही बहुतांश जन्मानंतर तयार होतात. त्यामुळे आज मूल कुठे राहतं यापेक्षा दुसऱ्या वर्षी कुठे रांगत होतं, हे काही प्रश्नांसाठी जास्त महत्त्वाचं असतं. उजव्या पानावर त्याचा आजचा दिवस, तासातासाने. कुठे झोपतं, खिडकी कुठल्या दिशेला आहे, रात्री उघडी असते का, कासव छाप किंवा तसली कॉइल लावतात का, शाळेत चालत येतं की व्हॅनने, कोणत्या रस्त्याने, कुठे खेळतं. ही माहिती पालकसभेत एका झटक्यात गोळा होत नाही. घरी जाऊन, चहा घेत, अर्धा तास बसावं लागतं. वर्गशिक्षिकेला आया जे सांगतील ते माझ्यासारख्या अनोळखी डॉक्टरला सांगणार नाहीत. हे काम तुम्हीच करू शकता.

खिडकीची दिशा का विचारायची, ते भूगोलाच्या तुमच्याच धड्यात आहे : खारे वारे आणि मतलई वारे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगरापर्यंत टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने. पश्चिमेला खाडीपर्यंत आपली वस्ती. दिवसा वारा खाडीकडून येतो आणि धूर डोंगराकडे ढकलतो. रात्री जमीन गार होते, वारा उलटतो आणि कारखान्यांवरून वस्तीकडे वाहू लागतो. हिवाळ्यात तर जमिनीलगतची थंड हवा खालीच कोंडते, वर जात नाही. "रात्री अकरानंतर वास येतो" असं बायका सांगतात तेव्हा त्यांना भास होत नसतो. कारखाने धूर चोरून रात्री सोडतात की नाही हा वेगळा मुद्दा; दिवस-रात्र सारखंच सोडलं तरी वस्तीला ते रात्रीच जास्त जाणवणार.

आता सरकारी आकडे कसे वाचायचे ते बघा. आपल्याकडे पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि वर्षाची ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या पातळ्या १५ आणि ५ आहेत. समजा, रात्री पाच तास आकडा १५० राहिला आणि उरलेले १९ तास ३५. दिवसाची सरासरी येते ५९. कागदावर दिवस मर्यादेत बसला. पण मूल झोपलं होतं नेमकं त्या पाच तासांत, आणि वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं. म्हणून महापे, ऐरोली किंवा नेरूळच्या केंद्राची दैनिक सरासरी घेऊन समाधान मानू नका. ताशी आकडे घ्या आणि वहीतल्या उजव्या पानाशेजारी ठेवा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरच्या औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले तेव्हा नवी मुंबई आणि डोंबिवली दोन्ही अतिप्रदूषितांच्या यादीत होती. सभेत हे सांगून टाळ्या मिळतात. पण तो हवा, पाणी, जमीन यांचा एकत्र गुण होता, आणि तुमच्या वर्गातल्या एकाही मुलाच्या छातीत काय गेलं हे त्यावरून कळत नाही.

यंत्रांबद्दल. पालक घेणार आहेत ती स्वस्त यंत्रं उजेड पाडून कण मोजतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र आकडा वाढवून सांगतं. आपल्याकडच्या दमटपणात हे हमखास होतं. घेतलीत तर आधी दोन आठवडे चारही यंत्रं सरकारी केंद्राच्या शेजारी एकत्र ठेवा, फरक किती येतो ते लिहून घ्या, मगच वाटा. गच्चीवर टांगू नका. गच्चीवर मूल राहत नाही. जमिनीपासून तीन फुटांवर, वर्गातल्या बाकाशी आणि घरी मुलाच्या अंथरुणाशी ठेवा. पहिल्याच आठवड्यात तुम्हाला घरातले आकडे बाहेरच्यापेक्षा वाईट दिसतील अशा रात्री भेटतील. घाबरू नका आणि ते लपवूही नका. एक मच्छर कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. गावठाणातल्या खेटून उभ्या इमारतींमध्ये, एका खिडकीच्या खोलीत, त्या कॉइलपासून मुलाचं नाक चार फुटांवर असतं. हे नोंदलं नाही तर कारखान्याचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तेच विचारेल, आणि त्याचं विचारणं बरोबर असेल.

आणखी एक गैरसमज मी फार ठिकाणी पाहतो. ही यंत्रं वास मोजत नाहीत. वास वायूंचा असतो, यंत्र धूलिकण मोजतं. वास भरून राहिला तरी आकडा हिरवा दिसू शकतो आणि लोकांना वाटतं यंत्रात फेरफार झाला. वासासाठी दहा घरं निवडा आणि वासाची नोंद ठेवा : तारीख, वेळ, किती तीव्र ते शून्य ते पाच, कशासारखा वाटला आणि वारा कुठून होता. गच्चीवर बांबूला पातळ रिबन बांधली की वाऱ्याची दिशा कळते. दहा घरांच्या महिनाभराच्या नोंदी नकाशावर मांडल्या की वास कोणत्या पट्ट्यातून येतो हे बहुतेक वेळा उघड होतं. त्यापुढची वायूंची मोजणी प्रयोगशाळेने करायची असते. पण कोणत्या रात्री, कोणत्या गल्लीत नमुना घ्यायचा हे त्यांना तुमच्या नोंदीच सांगतील.

आता आजार मोजणं. तुमच्या मनात बहुधा असं आहे, की आपल्या शाळेची तुलना पाम बीच रस्त्याकडच्या एखाद्या सुखवस्तू शाळेशी करावी. करू नका. त्या मुलांचा आहार वेगळा, जन्माचं वजन वेगळं, घरं कोरडी, डॉक्टर हाकेवर. फरक निघेल, पण तो हवेचा की पैशाचा हे कोणालाच सांगता येणार नाही. तुमच्या वर्गापुरती माझी शिफारस अशी : मुलाची तुलना त्याच्याशीच करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रोज सकाळी प्रार्थनेनंतर प्रत्येक मुलाने पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणाऱ्या छोट्या नळीत, तीनदा फुंकायचं. उभं राहून, काटा शून्यावर आणून, छाती भरून श्वास घेऊन एकदम जोरात. तिन्हीतला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सोबत दोन प्रश्न : रात्री खोकल्याने जाग आली का, आज सर्दी-ताप आहे का. ४० मुलं आणि ६० दिवस धरले तर २४०० नोंदी होतात. समजा, वर्गात एक गौरी आहे. तिच्या घरची गरिबी, ओल, आहार साठ दिवसांत फारसा बदलत नाही. बदलते ती रात्रीची हवा. वाईट रात्रीनंतरच्या सकाळी तिचा आकडा तिच्याच नेहमीच्या आकड्यापेक्षा खाली येतो का, एवढंच बघायचं.

या पद्धतीतले खाचखळगे सांगून ठेवतो, कारण ते पुस्तकात एका ओळीत उरकलेले असतात. पहिल्या आठवड्यात मुलं फुंकायला शिकत असतात, त्यामुळे आकडा आपोआप चढतो. तो आठवडा हिशेबातून काढून टाका. हवेचे आकडे बघणारी व्यक्ती आणि फुंकरीचा आकडा लिहिणारी व्यक्ती वेगळी ठेवा. "काल हवा फार वाईट होती" असं वर्गात बोलून गेलात तर मुलं त्या दिवशी हळू फुंकतात. ती बाईंचं मन ओळखतात. आणि गैरहजर मुलांची नोंद चुकवू नका. आकडा सर्वांत खाली असणारं मूल त्या दिवशी घरीच असतं.

प्रश्न कसे विचारायचे यावरही थोडं थांबतो. मुलांच्या दम्यासाठी १९९१ पासून जगभर आयझॅक नावाची प्रश्नावली वापरली जाते. तिचा मुख्य प्रश्न आहे, गेल्या १२ महिन्यांत मुलाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का. आम्ही सुरुवातीला तो तसाच विचारायचो आणि बहुतेक आया नाही म्हणायच्या. मग एका आईने विचारलं, "छाती वाजते ती का?" तेव्हा लक्षात आलं. आपल्याकडे छाती वाजते, भरते, दम लागतो, धाप लागते, घरघर होते. यातली घरघर बऱ्याचदा घशातल्या कफाची असते, दम्याची नसते. आता आम्ही फोनवर खऱ्या आवाजाची ध्वनिफीत ऐकवतो आणि विचारतो, श्वास सोडताना असा आवाज आला होता का. "दमा आहे का" असं विचारूच नका. विशेषतः मुलीच्या बाबतीत आई तो शब्द तोंडातून काढणार नाही, पुढे लग्नाला अडचण येईल या भीतीने. सुरुवातीच्या पाहण्यांत किती मुली आमच्या नजरेतून निसटल्या असतील, याची खंत अजून जात नाही.

मुलांचं लक्ष लागत नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा. तो खोकल्याच्या खात्यात टाकू नका. लक्ष न लागण्याची कारणं आधी साधी शोधायची : नीट दिसतं का, ऐकू येतं का, रात्री खोकल्याने झोप मोडते का, सकाळी खाऊन येतं का, रक्त कमी आहे का. त्यानंतर माझ्या मनात येतं ते शिसं. लहान मूल गिळलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शोषून घेतं, आणि रक्तात लोह कमी असेल तर आणखी जास्त. शिशाची सुरक्षित पातळी म्हणून काही नाही. रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर ते कुठून येतं हे शोधा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. आपल्याकडे २००० मध्ये पेट्रोलमधलं शिसं गेलं, घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आली. पण जुन्या भिंतींचे पोपडे आहेत, काही सुरमे-काजळ आहेत, भेसळीची हळद आहे, वस्तीत चालणारं जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम आहे. एक वाट लोकांच्या ध्यानातच येत नाही : बापाचे कपडे. बॅटरीच्या किंवा रंगाच्या कामावरून बाप घरी येतो, पोर धावत जाऊन त्याच्या पायाला मिठी मारतं, शर्टावरची धूळ त्याच्या हाताला आणि हात तोंडात. वहीत आई-बापाचं काम नुसतं "कंपनीत" असं लिहू नका. काय करतात, कपडे कुठे बदलतात, कपडे कोणाच्या कपड्यांबरोबर धुतले जातात, हे लिहा.

इथे तुमच्यासारख्या शिक्षिकांनी इतिहास घडवला आहे. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकी डॉक्टरांना मुलांच्या शरीरात वर्षानुवर्षं साठलेलं शिसं मोजायचं होतं. रक्तावरून फक्त अलीकडचं कळतं. त्यांनी दुधाचे दात मागितले. बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांत पहिली-दुसरीची मुलं पडलेला दात वर्गात आणून द्यायची. आपल्याकडे तो कौलावर फेकतात. तिथे तो प्रयोगशाळेत गेला. त्याच शिक्षकांनी प्रत्येक मुलाचं वर्तन नोंदवलं : लक्ष भरकटतं का, सांगितलेलं काम पुरं करतं का. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातात शिसं जितकं जास्त, तितक्या शिक्षकांच्या तक्रारी जास्त, बुद्धिमापनातही फरक. त्यातलं एकही मूल शिशाने आजारी म्हणून दवाखान्यात आलेलं नव्हतं. तुम्हाला मात्र दात किंवा रक्त गोळा करायला मी आत्ता सांगणार नाही. तो पुढचा टप्पा आहे आणि त्याला संस्था लागते.

हवा सुधारली की मुलं सुधारतात का, हे पालक नक्की विचारतील. अमेरिकेत युटा व्हॅलीमधला पोलाद कारखाना १९८६-८७ मध्ये वर्षभर बंद पडला होता. तो चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या त्रासाने रुग्णालयात दाखल झालेली मुलं बंद असलेल्या हिवाळ्याच्या दोन-तीन पट होती. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३ पासून शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची वाढ वर्षानुवर्षं मोजली गेली. दूषित गावांतल्या मुलांची फुप्फुसं अठराव्या वर्षापर्यंत कमी वाढली, आणि नंतर हवा स्वच्छ होत गेली तशी पुढच्या तुकड्यांतल्या मुलांची वाढही सुधारली. असे अभ्यास मोठेच असावे लागतात असं नाही. अमेरिकेनेच एक लाख मुलांचा राष्ट्रीय अभ्यास योजला होता, तो २०१४ मध्ये बंद करावा लागला. उलट आपल्या पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून आयांच्या आहाराचा आणि त्यांच्या मुलांच्या वाढीचा माग घेतला गेला, आणि ती मुलं मोठी होईपर्यंत संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. पाठपुरावा गावाशी नातं टिकवून होतो.

परवानगीचं. शाळेपुरती उपस्थिती आणि खोकल्याची नोंद ठेवायला कोणाची ना नाही. पण अभ्यास म्हणून काही प्रसिद्ध करायचं असेल, फुंकर मोजायची असेल, तर एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या विभागाला सोबत घ्या. कळवा, नेरूळ, कामोठे इथे महाविद्यालयं आहेत. त्यांची नैतिकता समिती आराखडा तपासते. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे पालकांची लेखी संमती लागतेच, आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही. तुमची मुलं आठ वर्षांची आहेत. "मला नाही फुंकायचं" म्हणणाऱ्या मुलाला सोडून द्यायचं, आणि बाई रागावल्या असं त्याला वाटता कामा नये. सुरुवातीलाच लिहून ठरवा, की एखाद्या मुलाचा आकडा वाईट निघाला तर त्याच्या आईला त्याच आठवड्यात, एकटीला, कोण सांगणार आणि पुढचे उपचार कुठे होणार. हे ठरत नसेल तर मोजायला सुरुवातच करू नका. एका पाहणीत निकाल कुटुंबांच्या आधी बातमीत आले. घरमालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. त्या वस्तीत मला पुन्हा कोणी दार उघडलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आणि "सिद्ध करायचं" या तुमच्या शब्दाबद्दल. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याखाली कारखान्याने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सोडलं, तर कारवाईला तेवढंच उल्लंघन पुरतं. कोणाचं मूल आजारी पडलं हे दाखवावं लागत नाही. वासाच्या नोंदी आणि वाऱ्याच्या दिशा घेऊन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार तुम्ही या महिन्यात करू शकता. मुलांचा अभ्यास चार महिन्यांनी पुरा होईल, तक्रारीला त्यासाठी थांबवू नका.

पालकांना आजच सांगण्यासारखं बरंच आहे. रात्री खोकल्याने उठणारं, खेळताना थांबणारं मूल याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊ दे. कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. वास येतो त्या रात्री कारखान्यांकडची खिडकी बंद ठेवा आणि दुपारी खारा वारा असताना घर मोकळं करा. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे दाराबाहेर बदला, वेगळे धुवा. खाण्याआधी हात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी मुलं खिशात घालून घरी नेतात. ती तुमच्यासमोर गिळू दे.

ज्या दोघांच्या दप्तरात पंप आहे त्यांच्या आयांना तुम्ही स्वतः भेटा. पंपाची सवय लागते, असं शेजारी सांगतात आणि बरं वाटलं की आया तो बंद करतात. रोजचा पंप आणि त्रास झाल्यावरचा पंप हे दोन वेगळे असतात. कोणता कधी, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून आणायला सांगा आणि त्याची एक प्रत तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा. पंप स्पेसरमधून, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळकांड्यातून, घ्यायचा असतो. तिसरीच्या मुलाला थेट तोंडात मारून औषध बहुतेक जिभेवरच राहतं. स्पेसर नसेल तर आधी तो मिळवून द्या. वर्गणीतून चारऐवजी तीन यंत्रं आली तरी चालतील.